सगळ्यांत स्वस्त दलालाच्या शोधात दाजी

उभ्या बीड जिल्ह्यात शेअर बाजाराच्या दलालांविषयी सर्वांत जास्त माहिती आणि सर्वांत कमी शेअर एकाच माणसाकडे आहेत, आणि तो माणूस दुर्दैवानं माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा आहे. शेअर किती, हे सांगायला मला बोटं मोजावी लागत नाहीत. एक आहे. माहितीचं वजन मात्र मी एकदा शेजारच्या भुसार दुकानातल्या काट्यावर करून घेतलं होतं, तेव्हा ते अकरा किलो भरलं. कोणत्या ब्रोकरकडे खातं उघडायला किती पडतात, ते दरवर्षी सांभाळायला किती, घेताना किती, विकताना किती, फोनवरून सौदा सांगितला तर किती, छापील कागद घरी मागवला तर किती आणि वैतागून खातं बंद करायचं म्हटलं तर किती, हे सगळं दाजींना तोंडपाठ आहे. फक्त माणसं शेअर कशासाठी घेतात, एवढं त्यांना विचारायचं नाही. मी एकदा विचारलं होतं. "ते फुडचं हाय," दाजी म्हणाले, "आदी दलाल तर ठरू द्या."

दाजी घाटनांदूरच्या जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. डॉक्टर सुई टोचायचे आणि दाजी जनावर धरायचे, जखम धुवायचे, पट्टी बांधायचे. नोकरी संपल्यावर माणसं देवदर्शनाला जातात, नातवंडं खेळवतात, निदान पारावर बसून गावाची निंदा तरी करतात. दाजींनी ब्रोकर धरले. आणि बीडला कलेक्टर कचेरीच्या मागं माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान असल्यामुळं त्यांनी मला धरलं. बायकोच्या भावाच्या मशीनमधली शाई हा लग्नातल्या मानपानाचाच राहून गेलेला भाग आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे. एसटीत त्यांचं तिकीट अर्धं झालं आणि त्यांच्या फेऱ्या दुप्पट झाल्या. पहिल्या गाडीनं निघायचं, अंबाजोगाईला गाडी बदलायची आणि मी दुकानाचं शटर अर्धं वर करतोय तोच खाली वाकून आत यायचं. "पावणे, एक नवा निगालाय," हा त्यांचा नमस्कार. मग मी त्या नव्या ब्रोकरचं दरपत्रक शोधायचं, त्याच्या सगळ्या पानांचे प्रिंट काढायचे, तेही मोठ्या अक्षरात, आणि चहा मागवायचा. दाजी दरपत्रक शेवटच्या पानापासून वाचतात. पहिलं पान जाहिरातीचं असतं, त्यावर दात दाखवणारी एक मुलगी आणि वाटीएवढं शून्य असतं. त्या शून्याच्या डोक्यावर एक चांदणी असते आणि त्या चांदणीचा खुलासा शेवटच्या पानावर मुंगीच्या अक्षरात असतो. तो सापडला की दाजी खिशातून एक छोटी बाटली काढतात. जनावरांच्या जखमेला लावायचं ते जांभळं औषध. बोट बुडवून त्या ओळीवर ठसा उमटवतात आणि म्हणतात, "हितं चिघळलंय." मग कागद गुंडाळून गॉजच्या पट्टीनं बांधतात. अशा गुंडाळ्यांनी त्यांचं आख्खं कपाट भरलं आहे, आणि त्यात बिनजखमेचा कागद एकही नाही.

फुकट या शब्दाचा दाजींना जेवढा राग आहे, तेवढा मी कुणाला बापजाद्यांच्या वैऱ्याचाही येताना पाहिला नाही. जो ब्रोकर वीस रुपये घेतो म्हणून सांगतो, त्याला ते लुटारू म्हणतात. पण जो काहीच घेत नाही म्हणतो, त्याच्या तर पार मागं लागतात. याला कारण त्यांचे वडील. ते मेंढपाळ. आठवडी बाजारात जनावराचा सौदा रुमालाखाली होतो, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला माहीत आहे. दलाल विकणाऱ्याचा हात रुमालाखाली घेतो, बोटं दाबून भाव सांगतो. मग तोच रुमाल घेणाऱ्याच्या हातावर टाकतो आणि त्याची बोटं दाबतो. तोंडानं कुणी आकडा काढायचा नाही. दाजींच्या वडिलांनी एकदा चांगला वाढवलेला मेंढा विकला. ओळखीच्या दलालानं, "तुमच्याकडनं दलाली घेतली तर माझं तोंड काळं," असं म्हणून त्यांची चार बोटं दाबली आणि पलीकडच्या गिऱ्हाइकाची पाच. मधलं एक बोट त्यानं खाल्लं, आणि हे म्हाताऱ्याला कळलं ते पुढच्या बाजारात, त्याच गिऱ्हाइकाच्या तोंडून. दाजी हे सांगतात तेव्हा त्यांचा आवाज अजून बदलतो. मला मात्र एवढंच वाटायचं की एका मेंढ्यापायी पन्नास वर्षांनी माझी शाई संपते आहे.

ब्रोकर कंपन्यांच्या मदतकेंद्रावर दाजींचा फोन हा एक स्वतंत्र विषय आहे. तिकडं बसलेल्या मुली मृदू आवाजात "मी तुमची काय मदत करू शकते" म्हणतात. दाजी म्हणतात, "बाई, तुमी खाता कुटून?" ती बिचारी आधी जेवणाविषयी विचारतात असं समजून गोंधळते. मग दाजी खुलासा करतात, की खातं फुकट, सांभाळणं फुकट, घेणं फुकट, मग तुझा पगार कोण देतं, तुझ्या मालकाचं भाडं कोण भरतं, आणि त्या दात दाखवणाऱ्या पोरीला पैसे कुणी दिले. एकदा माझ्या दुकानातून त्यांनी असा पाऊण तास फोन केला. एका मुलीनं दुसरीकडं दिला, दुसरीनं साहेबाकडं. साहेबांनी शांतपणे सगळं सांगितलं, की विकताना अमुक घेतो, उधारीवर घेतलं तर व्याज घेतो, सरकारचे कर वेगळे, ते सगळीकडं सारखेच. दाजी ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "मानूस इमानदार वाटतो तुमी. आता आसं करा, चार शेअर आठ दिसाच्या बोलीवर द्या. बरे निगाले तर ठिवतो, न्हाई तर परत." आमच्याकडं बैल असाच घेतात, आठ दिवस औताला जुंपून बघायचा, चालला तर पैसे. साहेबांनी फोन ठेवला. दाजींनी त्या कंपनीच्या गुंडाळीवर दोन ठसे उमटवले. दुकानात दाखल्याचा फॉर्म भरायला आलेला कोर्टातला एक कारकून, माझा जुना वर्गमित्र, हे सगळं ऐकून माझ्या कानाशी म्हणाला, "कावून बे, ह्ये पाव्हनं रोज येतेत का?" मी म्हणालो, रोज येत नाहीत, हीच देवाची कृपा.

बरं, हे वेड घरात आणि माझ्या दुकानात राहिलं असतं तरी चाललं असतं. शिरूर कासारला आमच्या एका भाच्याच्या लग्नात दाजींनी नवरीच्या भावाला गाठलं. तो मुलगा हैदराबादला कॉम्प्युटरवर काम करतो, चांगलं कमावतो. त्यानं सहज तोंडातून काढलं की मी शेअर घेतो. संपलं. मंगलाष्टकं सुरू झाली, अक्षता वाटल्या, आणि दाजी त्याचं मनगट धरून मांडवाच्या खांबाशी उभे. वर्षाला सांभाळायचे किती देतो, विचारलं. त्याला माहीत नव्हतं. विकताना किती कापतात, विचारलं. तेही माहीत नव्हतं. दाजींना त्याची खरोखर दया आली. त्यांनी त्याचा मोबाइल काढायला लावला, बिलं उघडायला लावली आणि बॅन्ड वाजत असताना त्याला दाखवून दिलं की गेल्या वर्षी त्याचे एकूण दोनशे सत्तर रुपये विनाकारण गेले. त्या मुलाचे शेअर त्याच वर्षी दामदुपटीच्या जवळ गेले होते, हे तो दोनदा सांगायचा प्रयत्न करत होता. दाजी म्हणाले, "ते सोडा." मुलगा एवढा खजील झाला की सख्ख्या बहिणीच्या डोक्यावर अक्षता टाकायच्या राहून गेल्या. परतताना जीपमध्ये मी दाजींना म्हणालो, तुम्ही वरमाईचं तोंड पाहिलं का. ते म्हणाले, "मी त्याचं बिल पायलं. लई वाईट वाटलं."

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं, कारण दाजींना हसणं हा मेहुणा म्हणून माझा हक्कच आहे. पण मध्ये अक्काचे पैसे होते. अक्का माझी थोरली बहीण, दाजींची बायको. तिनं उभ्या आयुष्यात शेळ्या पाळल्या. दाजींच्या पगारातून घर चाललं आणि अक्काच्या शेळ्यांवर त्यांच्या लेकीचं, म्हणजे माझ्या भाचीचं, नर्सिंगचं शिक्षण झालं. चार वर्षांपूर्वी तिच्या गुडघ्यांनी जबाब दिला. डॉक्टर म्हणाले, माळावर हिंडणं बंद. मग तिनं उरलेल्या नऊ शेळ्या आणि एक बोकड विकला आणि ते पैसे तिच्या नावानं बँकेत ठेवले. तिच्या स्वतःच्या नावाचे आयुष्यातले हे एवढेच पैसे. तिची इच्छाही फार मोठी नव्हती. त्या पैशांत भर पडत जावी आणि दवाखान्याला, लेकीच्या ओटीला, एखाद्या साडीला तिला कुणापुढं हात पसरावा लागू नये, एवढंच. भाचीनं तिला सांगितलं होतं की एका मोठ्या यादीतल्या सगळ्या कंपन्यांचा थोडा थोडा हिस्सा एकत्र मिळतो, तो घेऊन ठेव. अक्काला ते लगेच कळलं. आमच्याकडं शेळी वाट्यानं देतात. शेळी आपली, राखणार दुसरा, पिल्लं दोघांत. ती म्हणाली, "म्हंजी मोठ्या कळपात आपल्या शेळ्या सोडायच्या. सोडा की मंग." आणि तिनं हे काम नवऱ्याकडं सोपवलं, कारण गावात या विषयावर दुसरा जाणकार नव्हता.

जाणकारानं तीन वर्षं लावली. मी दर भेटीला विचारायचो, दाजी, अक्काचं काय झालं. "चौकशी चालू हाय." बाजार वर जात होता. चहाच्या गाडीवर, एसटीत, जिथं तिथं पोरं आपापले फोन एकमेकांना दाखवत होती. अक्काचे पैसे बँकेत निजले होते आणि दाजी दोन ब्रोकरांमध्ये वर्षाला अठ्ठावीस रुपयांचा फरक कसा पडतो, हे मला समजावून सांगत होते. मी त्यांना नाही नाही ते बोललो. म्हणालो, तुम्ही बाजारात बैल घ्यायला गेलात तर बैल बघायचा सोडून दोराचा भाव करत बसाल. म्हणालो, तुमच्याएवढा अभ्यास करून माणसं कलेक्टर झाली, तुम्हाला साधा एक ब्रोकर होईना. दाजी ऐकून घ्यायचे, चहा संपवायचे आणि म्हणायचे, "मागचं पान परत काढा बरं, पुसट आलंय."

शेवटी अक्कानंच एकदा तोंड सोडलं असावं, कारण गेल्या वर्षी उन्हाळ्यात दाजी इस्त्रीचा शर्ट घालून दुकानात आले आणि म्हणाले, आज सौदा करून टाकू. आधी स्वतःच्या नावानं खातं काढायचं, एक शेअर घेऊन बघायचा, बिल नीट आलं तर मग अक्काचं. बीडमध्ये एका ब्रोकरचं छोटंसं ऑफिस आहे, पहिल्या मजल्यावर, खाली चपलांचं दुकान. तिथं टाय बांधलेला एक तरुण बसतो. दर सौद्याला वीस रुपये, हा त्याचा दर. दाजींनी तो खाली आणायचा प्रयत्न केला. तो हसून म्हणाला, काका, रेट वरून ठरतो. दाजींनी मान हलवली. वरून ठरतो म्हणणारा माणूस आतून तयार असतो, असा त्यांचा बाजारातला अनुभव. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, स्वतःच्या उजव्या हातावर टाकला आणि हात टेबलावरून पुढं केला. त्या तरुणाला वाटलं, गावाकडचे काका आहेत, हाताला काही लागलं असेल, तरी प्रेमानं हात मिळवताहेत. त्यानं टॉवेलखाली हात घातला. दाजींनी त्याची पाचही बोटं एकदाच दाबली, म्हणजे पाच रुपये. मी शेजारी बसून हे पाहत होतो आणि मला ते समजायला वेळ लागला, हे कबूल करतो. त्या पोराला कुणीतरी शिकवलं होतं की गिऱ्हाइकाचा हात घट्ट धरावा. त्यानं दुसराही हात आणून दाजींचा पंजा जोरात दाबला आणि हलवला. दाजींचा चेहरा उजळला. जिना उतरताना मला म्हणाले, "पोरगं हुशार हाय. लोकांफुडं इस सांगतंय, पन मानसं वळकतंय."

बिल आलं तेव्हा त्यात वीस रुपये होते, आणि वर कर. दाजी दुसऱ्याच दिवशी हजर. मी दुकान गड्याच्या भरवशावर टाकून त्यांच्यामागं धावलो, कारण त्यांच्या हातात बिल होतं आणि खांद्यावर टॉवेल. "सौदा पाचाचा झालता," दाजी त्या तरुणाला शांतपणे म्हणाले. तो म्हणाला, काका, असं कधी बोलणं झालं. "बोलनं कावून हुईल? तुमी हात दिलता." तो म्हणाला, मी तर शेकहँड केला. पुढचा अर्धा तास त्या खोलीत जे झालं ते दोघांनाही समजलं नाही. दाजी त्याला बेइमान म्हणत होते आणि तो दाजींना दरपत्रकातला नियम वाचून दाखवत होता. दाजींच्या लेखी त्यानं दिलेला हात फिरवला होता, आणि याहून खालच्या पातळीला माणूस जाऊ शकत नाही. त्याच्या लेखी हे काका पंधरा रुपयांसाठी घाटनांदूरहून तिकीट काढून आले होते. शेवटी त्या पोरानं खिशातून पंधरा रुपये काढून टेबलावर ठेवले. दाजी उठले. पैशांना त्यांनी हात लावला नाही. तो एक शेअर अजून त्याच खात्यात पडून आहे, कारण विकायचा म्हटलं तर पुन्हा त्याच पोराच्या मालकाला वीस रुपये द्यावे लागतात आणि ते दाजींना मान्य नाही. मी महिनाभर ही गोष्ट सगळ्या नातेवाइकांत साग्रसंगीत सांगितली. टॉवेल टाकून नक्कलही करून दाखवायचो. अक्का सोडून सगळे हसले.

दिवाळीला भाची पुण्याहून आली. ती तिथं दवाखान्यात नर्स आहे, फटकळ आहे, आणि दाजींच्या गुंडाळ्या तिच्या नजरेला पडल्या की तिचं डोकं फिरतं. मी भाऊबीजेला घाटनांदूरला गेलो तेव्हा अक्का चकल्या तळत होती. भाचीनं तिला चुलीपुढून उठवलं, पदर नीट करायला लावला, आधार कार्डाचा फोटो काढला, तिच्या चेहऱ्यासमोर मोबाइल धरून डोळे मिटायला-उघडायला सांगितलं. अक्कानं देवापुढं उभं राहावं तसे डोळे मिटले आणि उघडेचना. तिला वाटलं, कुणीतरी सांगेल. पुढची चकल्यांची खेप कढईतून निघायच्या आत अक्काचं खातं उघडायची सगळी तयारी झाली होती. ब्रोकर कोणता, तर भाचीच्या फोनवर जो आधीपासून होता तो. तिनं दरपत्रक उघडलंही नव्हतं. "आई, पैसे टाकू का?" ती म्हणाली. अक्कानं झाऱ्या कढईच्या काठावर ठेवला. "पयले ह्यांना इचार," ती म्हणाली.

आम्ही सगळे दाजींकडं बघायला लागलो. ते उंबऱ्याजवळ बसले होते. मी मनातून खुशीत होतो. आता कपाट उघडणार, अकरा किलो खाली येणार, भाची चिडणार, आणि मला वर्षभर पुरेल एवढा मसाला मिळणार. दाजींनी भाचीला त्या ब्रोकरचं नाव विचारलं. तिनं सांगितलं. "टाक," म्हणाले. "कोनता बी चालतो. तिच्या पैशाला वर्साला तीन-साडेतीनशेचा फरक पडतो, त्याच्यावर न्हाई." मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी म्हणालो, दाजी, हे तुम्हाला कधी कळलं. म्हणाले, "पयल्या वर्सीच काडलं होतं."

माझं डोकं भडकलं. भाची फोनवर बोटं चालवत होती, अक्का पुन्हा कढईकडं वळली होती. मी दाजींना मागच्या अंगणात नेलं, शेळ्यांच्या रिकाम्या गोठ्यापाशी, आणि तीन वर्षांचं सगळं ओकलो. माझी शाई, माझा कागद, एसटीच्या फेऱ्या, अक्काचा तोटा, लग्नातली शोभा, तो टॉवेल. साडेतीनशे रुपयांसाठी हे सगळं केलंत, आणि ते साडेतीनशेच आहेत हे माहीत असून केलंत, असं म्हणालो. दाजी गोठ्याच्या दाव्याच्या खुंट्यांकडं बघत होते. मग म्हणाले, "पावणे, भाव वर जाईल का खाली येईल, ते माज्या हातात हाय का? दलाली तेवडी हातात होती. ती बगत बसलो." आणि म्हणाले, "तिनं उन्हातान्हात राखलेलं हाय ते. मी घातलं आन् बुडालं, तर मी तिला काय सांगू?" मी म्हणालो, चला, चकल्या गार होतील.

त्यानंतर दाजी बीडला आले नाहीत. दिवाळीनंतर बाजार घसरायला लागला. तसा तो अधूनमधून घसरतोच, पुन्हा चढतोही, हे मी पेपरात वाचत होतो. पण दीड महिना झाला, दोन झाले, दुकानाचं शटर अर्धं वर केलं तरी खालून कुणी वाकून आत येईना. नवे दोन ब्रोकर निघाले, त्यांच्या जाहिराती आल्या, शून्यावर चांदण्या होत्या. मला चैन पडेना. शेवटी एका रविवारी मीच एसटीत बसलो.

दाजी ओसरीवर बसले होते. हातात मोबाइल. भाचीकडून त्यांनी अक्काचं खातं आपल्या फोनवर दिसेल असं करून घेतलं होतं. जांभळी बाटली, गुंडाळ्या, काही दिसलं नाही. तीन वर्षं ज्यानं फक्त दर बघितले, तो माणूस आता सकाळ-दुपार भाव बघत होता. मी शेजारी बसल्यावर त्यांनी फोन माझ्याकडं फिरवला. आकडा लाल होता. अक्काच्या नऊ शेळ्या आणि एक बोकड घातले होते, त्यातल्या जवळजवळ एका शेळीएवढा खड्डा होता. फार नव्हता. मी म्हणालोही, की हे भरून निघतं, वर्ष-दोन वर्षं बघायचंच नाही. दाजींनी मान डोलावली, म्हणाले, "मलाबी म्हाईत हाय ते. पुस्तकात हाय." आणि फोन खिशात घातला, कारण अक्का आतून येत होती.

अक्का भिंतीला हात लावत, एकेक पाऊल टाकत आली. मला म्हणाली, "भाऊ, कवा आलास?" माझ्या हाती चहा दिला, दाजींपुढं कप ठेवला आणि खांबाला टेकून खाली बसली. गुडघे दोन्ही हातांनी सरळ करून झाल्यावर तिनं दाजींना विचारलं. रोज विचारत असावी, आवाजात कसली काळजी नव्हती. "अवो, माज्या शेळ्या कशा हायेत?"

दाजींनी कप उचलला. एका रुपयाची चूक ज्यांनी कुणाला लपवू दिली नाही, मंगलाष्टकं चालू असताना परक्या पोराला त्याचे दोनशे सत्तर रुपये काढून दाखवले, ते दाजी बशीत चहा ओतत म्हणाले, "हायेत की. चरत्यात. सगळ्या हायेत."

अक्कानं माझ्याकडं पाहिलं. तिला शंका होती असं नाही; घरात कॉम्प्युटरचं कळणारा दुसरा माणूस मीच, म्हणून पाहिलं. मी म्हणालो, हो अक्का, आत्ताच बघितलं. ती समाधानानं हसली आणि सूप ओढून तूर निवडायला लागली. दाजींनी माझ्याकडं मान वळवली नाही.

त्या दिवसापासून दाजींची थट्टा करताना मला पहिल्यासारखी मजा येत नाही. तरी करतो. टॉवेलची नक्कलसुद्धा करतो, अक्कासमोर मुद्दाम जरा जास्तच करतो, कारण मी एकदम करायचं थांबवलं तर तिला संशय येईल.